शाळेच्या भिंतीवर भित्तिचित्र करायचंय: कला अनुदानाच्या अर्जात काय, किती आणि कसं लिहायचं?

रेघोट्या

नमस्कार मंडळी,

आमचा चार चित्रकारांचा गट आहे. एका प्राथमिक शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूने, भित्तिचित्र करायचं आहे आणि त्यासाठी सार्वजनिक कलेच्या अनुदानाचा अर्ज भरतोय. भिंत ३० मीटर लांब आणि २.४ मीटर उंच आहे. विटांचं बांधकाम, वर सिमेंटचा खरबरीत गिलावा, त्यावर जुना रंग. काही ठिकाणी पोपडे सुटलेत आणि खालच्या हातभर पट्ट्यात पांढरी पूड दिसते. आतल्या बाजूला शाळेची बाग आहे आणि तिथली माती भिंतीला टेकलेली आहे. विषय परिसरातले पक्षी आणि झाडं, मुलांच्या रेखाटनांवरून घेतलेला.

मुख्याध्यापकांचा तोंडी होकार मिळाला आहे. अर्जात ५०० शब्दांत प्रकल्पाचं वर्णन, अंदाजपत्रक, वेळापत्रक, जागेची परवानगी, समाजाचा सहभाग आणि देखभालीची योजना मागितली आहे. मुदत सहा आठवड्यांनी संपते.

वर्णनात चित्राबद्दल किती लिहावं आणि बाकीचं किती? रंग किती लागेल याचा हिशेब कसा मांडायचा? देखभालीच्या योजनेत निवड समितीला काय हवं असतं? आणि अंतिम चित्र आत्ताच जोडावं का?

टिपणवही

सुरुवात परवानगीपासून करा, कारण सर्वांत जास्त वेळ तिथे जातो. मुख्याध्यापक भिंतीचे मालक असतीलच असं नाही. मालकी एखाद्या न्यासाची, संस्थेची किंवा स्थानिक प्रशासनाची असू शकते. ज्याच्या नावावर जागा आहे त्याच्याच सहीचं लेखी पत्र हवं. पत्रात भिंतीची मापं, कोणती बाजू रंगवणार, कामाचा कालावधी, चित्र किती वर्षं ठेवणार आणि देखभाल कोण करणार हे सगळं यायला हवं. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीच्या पत्राला समितीच्या लेखी फारशी किंमत नसते. तुम्ही रस्त्याच्या बाजूने काम करणार, म्हणजे परांची पदपथावर उभी राहणार. तिची परवानगी वेगळ्या विभागाकडून घ्यावी लागते. ती मुदतीच्या आत हाती येणार नसेल तर अर्ज दाखल केल्याची पोच जोडा आणि वेळापत्रकात तिच्यासाठी जागा ठेवा.

५०० शब्दांपैकी चित्राच्या आशयाला १५० पुरेत. समिती एकामागून एक अर्ज वाचत असते, त्यामुळे काय, कुठे, किती मोठं, कोणासाठी आणि कधी हे पहिल्याच वाक्यात सांगा. उदाहरणार्थ: ‘प्राथमिक शाळेच्या रस्त्यालगतच्या ७२ चौरस मीटर भिंतीवर, विद्यार्थ्यांच्या रेखाटनांतून घडलेलं परिसरातल्या पक्ष्यांचं भित्तिचित्र, शाळेच्या सुट्टीत तीन आठवड्यांत पूर्ण होईल.’ ‘समाजात जागृती निर्माण होईल’ अशी वाक्यं गाळा. ती कुठल्याही अर्जात बसतात, म्हणून तुमच्याबद्दल काहीच सांगत नाहीत.

हीच भिंत का, याचा पुरावा तुम्ही स्वतः गोळा करू शकता. तीन वेगवेगळ्या दिवशी शाळा भरताना आणि सुटताना अर्धा अर्धा तास थांबून पायी जाणारी मुलं, पालक आणि इतर लोक मोजा आणि आकडे तारखेसकट द्या. एवढीशी नोंदसुद्धा पानभर विशेषणांपेक्षा जास्त पटते.

अंतिम चित्राचा प्रश्न अगदी योग्य विचारलात. मुलांच्या सहभागाचं वचन द्यायचं आणि सोबत पूर्ण झालेलं चित्र जोडायचं, ही विसंगती समितीच्या लगेच लक्षात येते. सगळं आधीच ठरलं असेल तर मुलांनी करायचं काय? त्यापेक्षा कच्चा आराखडा द्या आणि काय पक्कं, काय खुलं ते लिहा. मांडणी, पार्श्वभूमीचा रंग आणि आडवी लय पक्की. पक्षी कोणते आणि त्यांचे आकार कसे, हे कार्यशाळांतून ठरेल. कार्यशाळा किती, प्रत्येकीत मुलं किती, वेळ किती (दीड तासापेक्षा जास्त नको), रेखाटनं कोणत्या निकषावर निवडणार आणि मसुदा लोकांना पाहायला आठवडाभर कुठे लावणार, हेही येऊ द्या. अनुदानाच्या नियमांत अंतिम चित्रच मागितलं असेल तर कार्यशाळा अर्जाआधी उरका. सहा आठवड्यांत ते जमण्यासारखं आहे.

आराखडा कोऱ्या कागदावर पाठवू नका. भिंतीचा समोरून फोटो काढा, त्यावर चित्र प्रमाणात बसवा आणि शेजारी माणसाची आकृती ठेवा. फाटक, विजेचा खांब, झाड, पाण्याचे पाइप जिथे आहेत तिथेच दिसू द्या. ते पुसून टाकले की भिंत नीट पाहिलेली नाही असं वाटतं.

आणखी एक. शाळेजवळची चित्रं म्हटलं की रस्ते सुरक्षेचे आकडे वापरायचा मोह होतो. ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या अमेरिकी दानसंस्थेच्या २०२२ च्या अभ्यासात चित्र रंगवल्यानंतर पादचारी आणि सायकलस्वारांसारख्यांच्या अपघातांचा दर निम्म्याने घटल्याचं दिसलं होतं. पण तो अभ्यास रस्त्याच्या पृष्ठभागावरच्या चित्रांचा आहे, तोही १७ ठिकाणांपुरता. भिंतीवरच्या चित्राला तो लागू होत नाही आणि जाणकार सदस्य तिथेच बोट ठेवतील.

गिलावा

टिपणवहींनी परवानगी आधी सांगितली, माझ्या मते भिंतीची तपासणीही त्याच आठवड्यात सुरू व्हायला हवी. तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टी काळजीच्या आहेत: खालची पांढरी पूड आणि आतून टेकलेली माती. या दोन्ही गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या असण्याची शक्यता जास्त आहे.

पांढरी पूड म्हणजे लोणा. मातीतलं पाणी विटांमधून रस्त्याच्या बाजूला येतं आणि येताना क्षार विरघळवून आणतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ते पृष्ठभागावर साचले तर पूड दिसते, रंगाच्या थराखाली साचले तर त्यांचे स्फटिक वाढताना रंगाला आतून ढकलतात आणि पोपडा सुटतो. त्यामुळे या भिंतीवर भारी रंग लावून प्रश्न सुटणार नाही. उलट जलरोधक जाड थर दिला की ओल आत कोंडते आणि फुगे येतात. पाणी येतंय त्या बाजूनेच अडवायला हवं.

म्हणजे आतली माती भिंतीपासून निदान ३० सेंमी मागे घ्यायची, मोकळ्या जागेत खडीची चर करायची आणि पाण्याचा उतार भिंतीपासून दूर द्यायचा. पण फावडं लावण्याआधी दोन्ही बाजूंची जमिनीची पातळी मोजा. आतली माती रस्त्यापेक्षा वर असेल तर ती भिंत मातीचा भार पेलते आहे. तिथे स्थापत्य अभियंत्याचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय खोदू नका. भिंतीत पाणी निघायला ठेवलेली भोकं असतील तर ती चित्रासाठी बुजवायची नाहीत. त्यांच्यासकट चित्र रचा.

दुसरी वाट वरून. कंपाउंडच्या भिंतीला छप्पर नसतं, दोन्ही बाजूंनी आणि माथ्यावरून ती भिजते. माथ्यावर दोन्हीकडे तीन-चार सेंमी बाहेर आलेला थर आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच नसेल, तर पाणी थेट गिलाव्याच्या मागे उतरतं. अशा भिंतींवरची चित्रं वरच्या कडेपासून सोलत येतात. माथा दुरुस्त करण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा. समितीत बांधकाम कळणारं कोणी असेल तर तो खर्च वाचून त्यांचा विश्वास वाढेल.

आता तपासणी. जवळपास फुकटात होते आणि तिचे फोटो अर्जाला जोडता येतात. ४५ सेंमी बाय ४५ सेंमीचे पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा, तीन खाली आणि दोन वर. किमान १६ तासांनी पाहा. आतून थेंब दिसले किंवा गिलावा काळपट झाला तर ओल आहे. मग लाकडी मुठीने भिंत ठोकत जा. पोकळ आवाज येईल तिथला गिलावा सुटलेला आहे, खडूने वेढा घाला. गडद कापडाने भिंत पुसा. कापड पांढरं झालं तर जुना रंग भुकटी होतोय, त्यावर नवीन रंग धरणार नाही. शेवटी जुन्या रंगावर ब्लेडने फुली मारून चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. रंगाचे तुकडे सोबत आले तर तेवढा भाग मूळ गिलाव्यापर्यंत खरवडावा लागेल.

खरवडण्याआधी जुन्या रंगातलं शिसं तपासून घ्या. भिंत शाळेची आहे, इथे ढिलाई नको. नव्या रंगासाठी जागतिक पातळीवर ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा सुचवली जाते, पण जुन्या थरांमध्ये त्याच्या अनेक पट शिसं असू शकतं. शिसं निघालं तर कोरडं घासायचं नाही, ज्योतीने जाळायचं नाही. ओलं करून खरवडायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, कचरा बंद पिशव्यांत भरायचा आणि हे काम शाळा बंद असताना प्रशिक्षित माणसांकडूनच करून घ्यायचं.

लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि काही आठवड्यांनी परत वर येतात.

नवीन गिलाव्याचे ठिगळ रंगवण्याआधी २८ दिवस जाऊ द्या. ताजं सिमेंट फार अल्कधर्मी असतं, ते रंगाचा थर कमकुवत करतं आणि काही रंगद्रव्यं उडवतं. त्यावर अल्करोधक प्रायमर लागतोच. घराच्या आतली पुट्टी बाहेर लावू नका, पहिल्या पावसात मऊ पडते. आणि हे २८ दिवस वेळापत्रकात वेगळे दिसले पाहिजेत. ‘भिंतीची तयारी: दोन दिवस’ असं लिहिलेला अर्ज माहीतगार माणूस तिथेच बाजूला ठेवतो.

रंग घेताना डब्यावरचं नाव नाही, रंगद्रव्याचा क्रमांक पाहा. उन्हात टिकणारे: लोह ऑक्साइडचा तांबडा पीआर १०१, पिवळा पीवाय ४२, काळा पीबीके ११; याशिवाय निळा पीबी १५:३ आणि हिरवा पीजी ७. झगझगीत फ्लोरोसंट रंग बाहेर फार लवकर उडतात, ते घेऊच नका. भडक लाल-पिवळ्यांतले बरेच सेंद्रिय रंग पांढऱ्यात मिसळून फिके केले की आणखी लवकर उडतात, म्हणून गुलाबी आणि लिंबू छटांवर चित्राचा भार टाकू नका.

सिलिकेट रंगांचा (पोटॅशियम सिलिकेटने बांधलेल्या खनिज रंगांचा) विचार कोणी सुचवेल. पद्धत जुनी आहे, जर्मनीत अॅडॉल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. खनिज गिलाव्याशी ती रासायनिक रीतीने बांधली जाते आणि भिंतीची वाफ बाहेर जाऊ देते. पण जुना अॅक्रिलिक रंग पूर्ण निघाला असेल तरच. तुमच्या भिंतीवर तसं नसेल, तर वाफ जाऊ देणारा, बाहेरच्या कामाचा शुद्ध अॅक्रिलिक रंग ठीक.

खालचे ४० सेंमी एकरंगी गडद ठेवा. पावसाचे शिंतोडे, चिखल, लोणा सगळं तिथेच येतं. पक्ष्याचा चेहरा तिथे काढला तर तोच आधी जाईल.

हिशेबनीस

रंगाचा हिशेब असा मांडा. ३० गुणिले २.४ म्हणजे ७२ चौ.मी. डब्यावर गुळगुळीत पृष्ठभागाचा आकडा छापलेला असतो. खरबरीत गिलाव्यावर लिटरला ६ चौ.मी. धरा. एका हाताला १२ लिटर. प्रायमरचा एक हात १२, पार्श्वभूमीचे दोन हात २४, चित्राचे सरासरी दीड हात १८. एकूण ५४, त्यात १० टक्के नासाडी धरून ६० लिटर. वरचा पारदर्शक थर भरून निघालेल्या पृष्ठभागावर बसतो, तिथे लिटरला ८ चौ.मी. धरून दोन हातांचे १८ लिटर.

पार्श्वभूमीचा सगळा रंग एकाच बॅचचा घ्या आणि मोठ्या पिंपात एकत्र करा. नाहीतर डबा बदलला की ३० मीटर सलग भिंतीवर छटेचा जोड स्पष्ट दिसतो.

मजुरीसाठी भिंत सपाट आणि बारीक कामात वाटा. एक सराईत माणूस दिवसाला सपाट आकारांचं ६ चौ.मी. आणि बारकाव्यांचं २ चौ.मी. करतो असं धरा. तुमच्या भिंतीचा तिसरा हिस्सा बारीक असेल तर २४ भागिले २ म्हणजे १२ मनुष्यदिवस आणि ४८ भागिले ६ म्हणजे ८. एकूण २०, चौघांना पाच दिवस. त्याला खरवडणं, प्रायमर, रेखाटन भिंतीवर उतरवणं, पारदर्शक थर आणि वाळायचा वेळ जोडा, वर पावसापाण्यासाठी एकूण दिवसांच्या चौथाईइतके दिवस जास्त. तीन आठवडे हा आकडा असा सिद्ध करून दाखवा. गिलाव्याचे २८ दिवस त्याच्या आधीचे.

अंदाजपत्रकात प्रत्येक ओळीला नग किंवा लिटर, दर आणि रक्कम असे तीन रकाने हवेत. ‘किरकोळ’ किंवा ‘इतर साहित्य’ ही ओळ सर्वांत आधी कापली जाते. तिच्या जागी ब्रश, रोलर, आच्छादनं, हातमोजे, पदपथावरची अडथळा-पट्टी असं सुटं लिहा. अनपेक्षित खर्चाला १० टक्के ठेवता येतात का ते नियमांत बघा. काही ठिकाणी ही ओळ चालत नाही, मग प्रत्येक बाब थोड्या सावध अंदाजाने धरावी. परांची उंच नकोय, पण शिडीवर उभं राहून दिवसभर रंगवणं धोक्याचं. मीटरभर उंचीचे रुंद, स्थिर मंच भाड्याने धरा.

स्वतःचं मानधन शून्य लिहू नका. त्याने प्रकल्प स्वस्त दिसत नाही, अर्धवट सुटण्याची शक्यता दिसते. विनामूल्य मिळणारं श्रमदान, शाळेची खोली, पाणी, वीज हे वेगळ्या रकान्यात अंदाजे मूल्यासह दाखवा. जुळणी निधी (अर्जदाराने स्वतः उभा करायचा हिस्सा) म्हणून ते धरलं जातं का तेही विचारा.

आणि हप्ते बघा. बरीच अनुदानं शेवटचा हप्ता काम पूर्ण झाल्यावर, पावत्या पाहून देतात. रंग आणि परांचीचे पैसे मात्र सुरुवातीला लागतात. मधली तफावत कशी भरणार ते चार ओळींत लिहा. करारावर सही होण्याआधी केलेली खरेदी बहुधा धरत नाहीत, म्हणून सवलत दिसली तरी आधी साहित्य घेऊन ठेवू नका. दरपत्रकाची वैधता निकालाच्या तारखेनंतरपर्यंत असू द्या.

रेघोट्या

सर्वांचे आभार. आत मोजलं, बागेची माती रस्त्यापेक्षा ३५ सेंमी वर आहे, म्हणजे अभियंत्यांना दाखवणारच. दोन शंका उरल्या. मुलांना प्रत्यक्ष रंगवायला द्यायचं आहे, पण रस्त्याच्या कडेला कसं? आणि पुढे शाळेने भिंत पाडली किंवा वर चुना मारला तर आमचं काय?

करारपत्र

मुलांना रस्त्याकडेला उभं करू नका. पॉलीटॅब या न विणलेल्या पॉलिस्टर कापडावर वर्गातच रंगवता येतं. कापडाला आधी अॅक्रिलिकचा पातळ हात द्यायचा, १.२ मीटरचे चौकोन कापायचे, मागे क्रमांक आणि वरच्या दिशेचा बाण काढायचा. एका चौकोनाभोवती सहा मुलं बसतात. वाळल्यावर प्रायमर दिलेल्या, कोरड्या, घट्ट भिंतीवर अॅक्रिलिक जेलने चिकटवायचं, मधून कडेकडे रबरी पट्टीने हवा काढायची आणि कडा जेलने बंद करायच्या. दोन तुकडे दोन सेंमी एकमेकांवर यावेत. हवा राहिली तर तिथे फुगा येतो, कड उघडी राहिली तर पाणी शिरतं आणि पूर्ण तुकडा सुटतो. खालच्या ओलसर पट्ट्यात आणि जुन्या पोपड्यांवर हे चालत नाही, म्हणून कापडाचे पक्षी भिंतीच्या मधल्या उंचीवर ठेवा. अर्जात ही पद्धत लिहिली की सहभाग आणि सुरक्षितता दोन्ही रकाने भरतात. सोबत शिक्षकांची हजेरी आणि पालकांची लेखी संमती हवी. रेखाटन वापरण्याची संमती वेगळी, फोटो प्रसिद्ध करण्याची वेगळी. मुलाच्या चित्राचे हक्क मुलाचे असतात, ते गृहीत धरू नका.

दुसऱ्या शंकेबद्दल. कलाकृतींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या कलम ६ बिस (6bis) मध्ये कलाकाराचं नाव लावण्याचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा नैतिक हक्क मान्य आहे. आपल्याकडे तो १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये येतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने दिला. मधली वर्षं मोजा म्हणजे कोर्टापेक्षा करार का बरा ते कळेल. करारात चित्राची मुदत लिहा, साधारण पाच वर्षं. त्याआधी भिंत पाडायची किंवा रंगवायची असेल तर ६० दिवसांची लेखी सूचना, तेवढ्यात तुम्हाला छायाचित्रण करता यावं. भिंतीवर जाहिरात येणार नाही, कलाकारांची आणि सहभागी वर्गांची नावं राहतील, फोटो कोण कशासाठी वापरणार, हेही घाला. मुदत संपल्यावर चित्र काढायचा खर्च कोणाचा, हे बहुतेक जण विसरतात.

रस्त्यासमोरचं चित्र आहे, तेव्हा सिग्नल, बाण, झेब्रा पट्टे यांच्यासारखं काही काढू नका आणि शाळेची सूचनापाटी झाकू नका.

गिलावा

पारदर्शक थर मॅट घ्या. चमकदार थरावर रात्री गाड्यांच्या दिव्यांची तिरीप चालकाच्या डोळ्यांवर येते आणि दिवसा चित्र दिसत नाही.

देखभालीची योजना पानभर नको, एक तक्ता पुरे. पावसाआधी आणि पावसानंतर वर्षातून दोनदा पाहणी, ती कोण करणार त्या पदाचं नाव (व्यक्तीचं नको, माणसं बदलतात), माथा आणि चर साफ, सैल रंगाची दुरुस्ती, विद्रूपीकरण झालं तर किती दिवसांत काढणार. विद्रूपीकरणरोधक थराचे दोन प्रकार आहेत. मेणासारखा थर गरम पाण्याने धुऊन निघतो आणि परत लावावा लागतो. कायमचा पॉलियुरेथेन थर टिकाऊ, पण तो ओल कोंडतो. तुमच्या भिंतीला पहिलाच योग्य, तोही चर आणि माथ्याचं काम झाल्यावर.

प्रत्येक छटेचा अर्धा लिटर रंग काठोकाठ भरलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात राखून ठेवा. डब्यावर छटेचं नाव, रंगद्रव्याचे क्रमांक, मिश्रणाचं प्रमाण, बॅच आणि तारीख लिहा, झाकणावर त्याच रंगाचा ठिपका द्या. तीच यादी अर्जाच्या देखभाल पानालाही जोडा.